पन्नास टक्के सावली

माझ्याकडे अकरा वह्या आहेत. दर उन्हाळ्याला एक. पहिल्या पानावर हंगामाची कामं लिहायची, झालं की उजवीकडे बरोबरची खूण, नाही झालं की बाण. बाण म्हणजे पुढच्या वहीत. आईच्या डोळ्याच्या कामापुढे सलग तीन वह्यांमध्ये बाण आहे.

आमची रोपवाटिका गोरेगावजवळ, रस्त्याला लागून आहे. मिरची, वांगी, टोमॅटो, झेंडू यांची रोपं ट्रेमध्ये वाढवायची आणि शेतकऱ्यांना द्यायची. ‘आमची’ हे आपलं सवयीनं म्हणायचं. नवरा जीप चालवतो, सकाळी सातला जातो आणि दिवेलागणीला येतो. दीर शेत बघतो. रोपं माझी. लोकांना जूनमध्ये लागवड करायची असते, म्हणून बी एप्रिलअखेर आणि मे महिन्यात टाकावं लागतं. म्हणजे आमच्याकडे कुत्रंसुद्धा भिंतीची सावली सोडत नाही, नेमकं तेव्हा. ट्रेच्या एका कप्प्यात चिमूटभर कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, आणि त्यात एक रोप. एवढ्याशा ओलीवर ते किती तग धरणार? सकाळी सातला पाणी, अकराला पाणी, दोनला, पाचला. एक पाणी चुकलं तर रोप मान टाकतं. दोन चुकली तर मान पुन्हा वर येत नाही.

डोक्यावर हिरवी शेडनेट. ऊन गाळणारी जाळी. पन्नास टक्के म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, पंचाहत्तर म्हणजे त्याहून दाट. आमची नेट पहिल्यापासून बुटकी आहे, कारण उंच केली की वारं उचलतं. त्यामुळे मी एप्रिल ते जून वाकूनच असते. दार बकऱ्यांमुळे आतून बांधायचं. रस्त्यावरून एसटी जाते, तिच्या खिडक्यांतली माणसं मला बारीक हिरव्या चौकटींमधून दिसतात. त्यांना मी दिसत नाही. नात्यातल्या लग्नाला मी अक्षता टाकायला पोचते आणि पंगत बसायच्या आत निघते. आमच्यात त्याची चेष्टा ठरलेली आहे. ‘जाऊ द्या तिला, झारी बोलावून राहिली.’ मीही हसते. हसत हसतच जीप पकडते, कारण दोनचं पाणी असतं.

यंदा महाशिवरात्रीच्या सुमारास वादळ झालं आणि नेट मधोमध फाटली. शिवायच्या पलीकडे गेली होती. नव्या वहीत एक नंबरला लिहिलं, ‘नेट’. दोन नंबरला जुन्या वहीतला बाण उतरवून घेतला, ‘आईचा डोळा’. दोन्ही कामं हिंगोलीची, म्हणून एकाच दिवशी धरली.

आई पुसेगावला एकटी राहते. वडील गेले, मी एकुलती. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात औषध घालून तपासलं आणि म्हणाल्या, “दोन्हीकडे मोतीबिंदू आहे. उजवा पिकलाय. आणखी थांबलात तर अवघड होईल. एप्रिलअखेरची तारीख देते.” पुढे त्यांनी नियम सांगितले आणि मी ते लिहून घेतले. वाकायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, थेंब वेळच्या वेळी. “पहिले पंधरा दिवस कुणीतरी सोबत पाहिजे.”

“कुणीतरी म्हंजे कोन?” आई म्हणाली. “हिला तर रोपं हायेत.”

टोमणा नव्हता. ती डॉक्टरीणबाईंना नुसती माहिती देत होती. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं.

आईला माझ्या घरी आणता येत नव्हतं का, असं कुणीही विचारेल. आणता येत नव्हतं. “लेकीच्या दारी दिवस काढावा, रात न्हाई,” असं तिच्या आईचं म्हणणं होतं आणि आईनं ते पाळलं आहे. सकाळच्या जीपनं येते, माझ्या हातची भाकरी खाते, उन्हं कलली की पिशवी उचलते. खाटेवर पडून राहायला तर मुळीच येणार नाही. म्हणजे मला जायला हवं. एप्रिलअखेर, पंधरा दिवस, बी टाकल्याबरोबर.

दवाखान्यातून आम्ही सरळ नेटच्या दुकानात गेलो. आईला स्टुलावर बसवलं. औषधानं तिचे डोळे अजून दिपत होते, तिनं पदर पुढे ओढून घेतला होता. दुकानदारानं दोन तुकडे पसरून धरले. आमच्याकडे नेट पारखायची एक रीत आहे. उन्हात जायचं, नेटखाली पंजा धरायचा आणि जमिनीवरची सावली बघायची. बोटं वेगवेगळी मोजता आली तर पन्नास. बोटं एकमेकांत मिसळून नुसता डाग दिसला तर पंचाहत्तर. लेबल काहीही म्हणो.

“ताई, पंचाहत्तर घेऊन टाका,” दुकानदार म्हणाला. “डोळे झाकून घ्या.”

“माझे झाकलेलेच हायेत बाबा,” आई स्टुलावरून म्हणाली. “मला इचार.” आणि तिनं हात पुढे करून दाट तुकडा घेतला, डोक्यावरून चेहऱ्यावर ओढला आणि उन्हाकडे बघितलं. “हे बराबर हाय. हेच घे. थंड वाटतंय.”

दुकानदार हसला. मी हसले नाही. पंचाहत्तरखाली ट्रे संध्याकाळपर्यंत ओले राहतात. चारऐवजी दोन पाणी पुरतात, आणि दोन पाणी घरातलं कुणीही देईल. मी पंधरा दिवस जाऊ शकेन. पण दाट सावलीत रोप उंच होतं, पांढुरकं होतं, कणा धरत नाही, हे सगळे म्हणतात. आणि ते माझ्या वाफ्यात नाही, लोकांच्या रानात मोडतं. सगळे म्हणतात त्यावर मी वस्तू घेत नाही. दोन्ही थानांच्या टोकाचे बाजेएवढे तुकडे मागून घेतले आणि म्हटलं, बघून सांगते.

घरी दोन जुन्या बाजा होत्या. त्यांची सुंभं सोडली, रिकाम्या चौकटींवर एकेक तुकडा ताणून बांधला आणि खाली वांग्याचा आणि टोमॅटोचा एकेक ट्रे ठेवला. नवऱ्यानं संध्याकाळी जीप लावता लावता बघितलं.

“काय वं, पाव्हणे बाजेखाली झोपवायची पद्धत कव्हा निघाली?”

“तुमी वर झोपा, मंग कळंल,” मी म्हटलं.

चार आठवडे रोज चार वेळा लिहिलं. काही फार नाही, ओल आहे की नाही, उंची किती बोटं, पानाचा रंग. पहिल्या दहा दिवसांत दोन्ही ट्रे सारखेच दिसत होते आणि मी मनात आईकडे जायची पिशवी भरत होते. मग फरक पडायला लागला. पन्नासची रोपं बुटकी, गडद, देठ जांभळट. दुपारी बाराला कोरडी ठाक. पंचाहत्तरची दुपारीसुद्धा ओली आणि टवटवीत, पण दिवसादिवसाला लांबत चाललेली, शेजारच्याच्या खांद्यावर मान टाकून उभी. शेवटी दोन्हीतली वीस वीस रोपं मी परसात, उघड्या उन्हात लावली. तिसऱ्या दिवशी पन्नासची उभी होती. पंचाहत्तरची जमिनीवर निजली होती, सगळी एकाच बाजूला, जशी कुणी हातानं चापून निजवली असावी.

म्हणजे रोपांना पन्नास हवी होती आणि मला पंचाहत्तर.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. “कोनती घेतली गं?”

“न्हाई घेतली अजून.”

“मला समदं तुझ्या त्या जाळीतून पाहिल्यावानीच दिसून राहिलं,” ती म्हणाली. “ती दाटवाली. काल तुळशीला पानी घातलं तं ते शेजारनीच्या चपलीत गेलं.” आणि स्वतःच हसली. मग म्हणाली, “तुझ्या रोपायची लगनं लाव आधी. मंग बघू.”

मी वही उघडली. दोन नंबरच्या कामापुढे पेन टेकवलं. बाण काढायला एक रेघ आणि दोन तिरप्या रेघा लागतात, दुसरं काही लागत नाही. मी रेघ ओढली. दोन तिरप्या तेवढ्या बाकी होत्या, तेवढ्यात धाकटी जाऊ ट्रे धुवायला घेऊन समोर बसली.

तिच्याबद्दल सांगायला हवं. आमचं पटतं. पण रोपवाटिकेत अकरा वर्षं तिनं फक्त रिकामे ट्रे धुतले आहेत आणि भरलेले गाडीत चढवले आहेत. त्याला कारण होतं. पहिल्या वर्षी नाल्याकडून रानडुकरं आत घुसायची. आमच्या भागात डुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, येऊ नयेत म्हणून शेताला जुन्या साड्या बांधतात, वाऱ्यानं त्या हलल्या की जनावर बुजतं. जाऊ म्हणाली, तशा आपण जाळीलाही बांधू. साड्या तिनंच गोळा केल्या. मी त्या बांधल्या आणि आठ दिवसांत आत भट्टी झाली. वारा बंद, गरम हवा कोंडलेली. सगळी मिरची पाणी देऊनही उकडून गेली. तेव्हापासून माझा नियम होता, साडी जाळीच्या आत येणार नाही. आणि न लिहिलेला एक नियम, की जाऊचं ऐकायचं नाही.

ती ट्रे घासत घासतच म्हणाली, “आक्का, पन्नासच घ्या. आन् दुपारच्याला वरून साडी वढा.”

“साडीचं नाव काढू नको.”

“काहून? अकराला वढायची, चारला काढायची. सकाळचं ऊन बी मिळतंय, दुपारची सावली बी. शेतातल्या साड्या आता रिकाम्याच हायेत. रान मोकळं पडलंय, डुक्कर काय ढेकळं खातंय?”

“पहिल्या वर्षी काय झालं, ध्यानात आहे ना?”

तिनं हात थांबवला. “हाय ना. म्या नाल्याच्या बाजूनं बांधा म्हणलं व्हतं. चारी बाजूनं तुमी बांधल्या.”

“काहीतरीच.”

“तुमची वही हाय ना,” ती म्हणाली आणि पुन्हा घासायला लागली.

पहिली वही कपाटाच्या तळाशी होती. पान सापडायला वेळ लागला नाही, माझं लिखाण नीट असतं. ‘साड्या, नाल्याची बाजू (जाऊबाई म्हणते).’ पुढे बरोबरची खूण. त्याच्या खाली माझ्याच अक्षरात, ‘बाकीच्या तीन बाजूही, म्हणजे काम पक्कं.’ पुढे बरोबरची खूण, जरा मोठी.

मी ते पान दोनदा वाचलं. चारपैकी तीन बाजू माझ्या होत्या आणि अकरा वर्षं दोष मात्र तिच्या नावावर. वही मिटून बाहेर आले तर जाऊ ट्रे उपडे घालत होती.

“तारेवर कशा सरकतील?” मी विचारलं.

“पडद्याच्या कड्या लावू,” ती म्हणाली. माफी तिनं मागितली नव्हती आणि मीही मागितली नाही. कड्या किती लागतील ते मी लिहून काढलं.

पन्नासची नेट आली. तीन बाजूंना साड्या लावल्या नाहीत, फक्त नाल्याकडच्या बाजूला बांधल्या. आत तारा ओढल्या आणि त्यांवर साड्या चढल्या. त्यात माझ्या लग्नातली एक निघाली, अकरा वर्षं डुकरांसमोर हलून तिचा जांभळा राखाडी झाला होता. बी टाकलं. पण एक गोष्ट मला तेव्हा पुरती कळली. ही रीत रोपांना सगळ्यात चांगली होती आणि माणसाला सगळ्यात जास्त बांधणारी होती. चार पाणी होतीच, वर अकराचं ओढणं आणि चारचं काढणं. पंचाहत्तर घेतली असती तर कुणावर भरवसा ठेवायची गरज पडली नसती.

मी जाऊसाठी यादी केली. एकेचाळीस कलमं झाली. तिनं पानं उलटून पाहिली.

“आक्का, मला वाचता येतंय. पन हे वाचूस्तवर रोपं वाळतील.”

“मग तुला कळणार कसं, कोणत्या ट्रेला पाणी हवं?”

तिनं एका बोटानं ट्रेचा कोपरा किंचित उचलला, सोडला. पुढचा उचलला. “हा प्यालेला. हा तहानेला. हा बी तहानेला.” मी मागोमाग बोट खुपसून ओल तपासत गेले. एकही चुकला नाही. तिला हे अकरा वर्षं रिकामे आणि भरलेले ट्रे उचलून आलं होतं. मी यादी घडी करून पिशवीत ठेवली, पुसेगावला नेली. का नेली, ते सांगता येणार नाही.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, काळा चष्मा लागला आणि आम्ही पुसेगावच्या घरात आलो. एक खोली, खिडकीला जुनं धोतर लावून अंधार केलेला, पत्रा तापलेला. थेंबाच्या वेळा मी कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्या आणि मग लक्षात आलं की त्याही सात, अकरा, दोन, पाच अशाच बसल्या आहेत. बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. गेले की आई चूल पेटवायला उठायची. जाळीतून निघून मी पत्र्याखाली आले होते, एवढंच.

रोज दुपारी जाऊला दोन-तीनदा फोन लावायचे. ती एकदाच उचलायची.

“पानी दिलं. साडी वढली. तुमी मायच्या डोळ्यात थेंब टाकला का? टाका. ठेवून राहिले.”

नवव्या दिवशी तिनं फोन उचलला नाही. बाहेर गरम वारं सुटलं होतं, पत्रा वाजत होता. साडेबारा, एक, सव्वा. नवऱ्याला लावला, तो हिंगोलीला जीप भरत होता. “मी काय इथून पडदे सरकवू का?” म्हणाला. मला डोळ्यापुढे सरळ दिसत होतं, साडी अडकलेली, ट्रेवर ऊन, माना पडलेल्या. पाच शेतकऱ्यांना शब्द दिलेला. मी पिशवी उचलली. आई झोपली होती असं मला वाटलं. शेजारणीला लक्ष ठेवा म्हणून सांगितलं आणि थांब्यावर येऊन उभी राहिले. वारं तोंडावर भाजत होतं. जीप आली, मागं लटकलेल्या क्लीनर पोरानं ओरडून माणसं भरली, मला जागा केली. मी पाय ठेवला. मनगटावर बघितलं तर दोनला दहा कमी होते.

शेजारणीला थेंब टाकता येत नाहीत. तिचे हात मिठामिरचीचे असतात.

“येता का, ऱ्हाता?” ड्रायव्हर म्हणाला.

मी पाय खाली घेतला.

घरात आई खाटेवर उठून बसली होती, चष्मा लावून, हात मांडीवर. “गेली न्हाईस व्हय?” एवढंच म्हणाली आणि आडवी झाली. मी हात धुतले, थेंब टाकला.

संध्याकाळी जाऊचाच फोन आला. “साडी फाटली व्हती वाऱ्यानं, तुमची जांभळी. तिथंच बसून शिवून राहिले. फोन घरी. दोन टरे गेले आक्का, मिरचीचे, कडेचे. फेकले न्हाई. तुमाला बघायला ठेवले.”

दोन ट्रे. मी असते तर कदाचित एक गेला असता, कदाचित तीन. फेकून दिले असते तर मला कळलंही नसतं, हे ती जाणून होती.

चौदाव्या दिवशी ऊन उतरल्यावर आई उंबऱ्यात येऊन बसली. मी वाटी घासत होते. तिनं काळा चष्मा काढला, पापण्या मिटल्या, उघडल्या आणि माझ्याकडे बघितलं. नुसती बघत राहिली.

“किती काळी पडलीस गं.”

“ऊन हाय माय.”

“जाळीखाली असतीस ना?”

“निम्मं आत येतंच की.”

तिनं हात लांब करून माझ्या कानाजवळची बट धरली, बोटांत फिरवली. “केस बी पिकले. हे कव्हा झालं?”

“झाले. दोन-तीन वर्षांत.”

तिनं समोरच्या भिंतीकडे बघितलं, भिंतीवरच्या सरड्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. म्हणाली, “डाक्टरीनबाई म्हणल्या दुसरा डोळा महिन्याभरानं. म्हंजे जूनात. तुझी रोपं द्यायचा टाइम. ऱ्हाऊ दे. एका डोळ्यानं बी बरंच दिसून राहिलं.”

वही पिशवीत होती, पिशवी खुंटीला. मी उठले नाही.

“जूनातच करू,” मी म्हटलं.

“आन् रोपं कोन देईल लोकायला?”

“जाऊ देईल. तिला ट्रे उचलून कळतंय.”

आई हसली का काय, ते दिसलं नाही, तिनं चष्मा पुन्हा लावला होता. पाच वाजले होते. तिकडे जाऊ ट्रेचा कोपरा बोटानं उचलून बघत असेल. मी हात धुतले, पदराला नाही, स्वच्छ फडक्याला पुसले आणि म्हटलं, “चल, आडवी हो. थेंब टाकायचाय.”